नर्सबाईंना उशीर का होतो?

गेल्या पंधरवड्यात या सदराकडे एका आजीबाईंचे पत्र आले. अक्षर वळणदार, पण राग जागोजागी दिसत होता. त्या लिहितात, "लसीकरणासाठी सकाळी नऊला अंगणवाडीत बोलावले. नातवाला मांडीवर घेऊन साडेअकरापर्यंत बसले. बाईंचा पत्ता नाही. शेवटी मूल भुकेने रडू लागले, तेव्हा उठून घरी आले. सरकारी पगार घेणाऱ्यांना आमच्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" पत्राच्या शेवटी एक खरा प्रश्नही आहे. नऊ महिन्यांची लस त्या दिवशी राहून गेली, मूल आता दहा महिन्यांचे झाले, पुढे काय करायचे?

त्या प्रश्नाचे उत्तर देतोच. पण आधी रागाकडे पाहू. तो समजण्यासारखा आहे. अडीच तास तान्हे मूल घेऊन बसणे सोपे नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर हाच राग मी एकदा कागदावर उतरवून, सही-शिक्क्यानिशी एका नर्सबाईंच्या हाती दिला होता. त्याची हकिगत पुढे येईलच.

तर लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंची सकाळ कशी असते, ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी की लस उपकेंद्रातल्या कपाटात असते आणि बाई ती पिशवीत टाकून निघतात. तसे नसते. लस असते प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिच्यासाठी असलेल्या खास शीतपेटीत. तिथे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राखावे लागते. सकाळ-संध्याकाळ ते पाहून वहीत लिहिले जाते, रविवारीही. तिथून त्या दिवसापुरती लस निळ्या डब्यात, म्हणजे व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये, भरली जाते. डब्याच्या चारही बाजूंना बर्फाची चार पाकिटे लावतात. ती डीप फ्रीजरमधून काढली की लगेच लावून चालत नाही. टेबलावर मांडून ठेवायची, वरचा पांढरा थर विरू द्यायचा, पाकीट कानाशी नेऊन हलवायचे. आत पाणी हलल्याचा आवाज आला म्हणजे पाकीट तयार.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. लस उन्हाने खराब होते हे आपण ऐकलेले असते. पण काही लसी गोठल्या तरीही निकामी होतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच रोगांवरची पेंटाव्हॅलंट लस तशीच आहे. कडक गोठलेल्या पाकिटाला ती बाटली टेकली की आतले औषध गोठते. वरून बाटली दिसते तशीच, टोचल्यावर मूल रडते तसेच. उपयोग मात्र उरत नाही. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी पाकिटातून पाण्याचा आवाज यायला वेळ लागला, तर बाई थांबतात. घाई करणारी नर्स वेळेवर पोचेल, पण काय घेऊन पोचेल याची खात्री नाही.

त्यानंतर प्रवास. मैदानी भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. कागदावर आकडा लहान दिसतो. प्रत्यक्षात त्यात चार-पाच गावे आणि कुठे नदीपलीकडच्या, कुठे टेकडीमागच्या वाड्या येतात. कुठे लस पोचवायला माणूस नेमलेला असतो, कुठे बाई स्वतःच डबा घेऊन निघतात. एसटी वेळेवर आली तर ठीक. वाटेत एखादी बाळंतीण अडलेली असली, तर डबा मांडीवर घेऊन रुग्णवाहिकेची वाट पाहण्याचेही काम पडते.

आता माझी हकिगत.

साल १९८९. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. नोकरीला दोन-अडीच वर्षे झालेली, आणि शिस्त म्हणजे काय ते मलाच कळते अशी खात्री होती. त्या काळी कुटुंबकल्याणाची टार्गेटे असत. मार्च महिना आला की वरून खाली सगळे एकमेकांना मेमो देत. (ही टार्गेटे पुढे १९९६ मध्ये बंद झाली.) आमच्या केंद्राखाली डोंगराकडेचे एक उपकेंद्र होते. तिथल्या नर्सबाई चाळिशीच्या आसपासच्या, बोलायला कमी. महिन्याच्या बैठकीला त्या तीनदा उशिरा आल्या आणि मी त्यांना मेमो दिला. तीन दिवसांत खुलासा मागवला. खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली, "उशीर झाला, क्षमा असावी." ती वाचून मला वाटले, चूक कबूल आहे. मी कागद फाइलला लावला.

त्याच फाइलमध्ये, चार-पाच पाने मागे, त्यांचाच आणखी एक कागद होता. त्या वेळी काचेच्या सिरिंजा वापरात होत्या. प्रत्येक मुलाला वेगळी सिरिंज, वेगळी सुई. मग सगळ्या प्रेशर कुकरसारख्या स्टरलायझरमध्ये वाफेवर निर्जंतुक करायच्या. त्या स्टरलायझरची रबरी रिंग गेली होती, वाफ बाहेर जात होती. नवी रिंग मिळावी म्हणून बाईंनी दोनदा लेखी मागणी केली होती. ती वर पाठवायचे काम माझे होते. मी पाठवली नव्हती.

पुढे त्यांच्या हद्दीतल्या एका वाडीत एका मुलाच्या मांडीवर, त्रिगुणी लस टोचली त्या जागी, गळू झाले. मोठे, लिंबाएवढे. ते वाफ न धरणाऱ्या स्टरलायझरमुळे झाले की आणखी कशामुळे, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही. पण रात्री झोप उडायची ती त्या कागदामुळे. वाडीत बोलणे सुरू झाले. सुईने पाय जातो, मूल लंगडे होते, पुढे त्याला पोर होत नाही. पुढच्या महिन्यात बाई डबा घेऊन गेल्या तेव्हा एकही मूल बाहेर आले नाही. दोन तरुणांनी त्यांना वाडीच्या वेशीवरच अडवले आणि पुन्हा पाय ठेवू नका म्हणून सांगितले.

त्यांनी पुन्हा पाय ठेवला. गळू फोडून ड्रेसिंग सुरू केले होते, ते अर्धवट सोडता येणार नव्हते. एक दिवसाआड चार किलोमीटर जाणे, चार किलोमीटर येणे. वाडीत कोणी बोलत नसे. त्या जखम धुवत, पट्टी बांधत आणि परत फिरत. बैठकीला उशीर व्हायचा तो यापायी. हे मला त्यांनी सांगितले नाही. आमच्या जीपच्या ड्रायव्हरने सांगितले, तेही सहज बोलता बोलता. "साहेब, त्या बाईंना मेमो दिला खरा तुम्ही, पण नदीत गुडघाभर पाणी असताना मी त्यांना पलीकडून येताना पाहिले आहे."

दुसऱ्या दिवशी मी रिंगेची मागणी घेऊन स्वतः तालुक्याला गेलो. मेमो मागे घेतला. बाईंची माफी मागितली का, असे कोणी विचारील. तोंडाने नाही मागितली. तेवढा मोठेपणा त्या वयात नव्हता.

वाडीचे दार मात्र माझ्या रिंगेने उघडले नाही. ते उघडले त्या मुलाच्या आजीने. जखम भरत आली, तशी एका दुपारी म्हातारीने बाईंना अंगणात नेऊन घोंगडीवर बसवले, सगळ्यांच्या देखत चहा दिला, आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "सुई वाईट असती, तर ही माघारी आली असती व्हय?" बस, एवढेच. पुढच्या महिन्यात तीन मुले आली, त्यानंतर अकरा. दरम्यानच्या काळात वाडीत गोवर येऊन गेला होता. लस न घेतलेल्या एका मुलीला गोवरामागून न्यूमोनिया झाला. ती वाचली, पण महिनाभर हाडांचा सापळा होऊन पडली होती. गोवर म्हणजे देवीबाईचा फेरा, अंगावर येऊन जाणारच, असे म्हणणारे लोक अजूनही भेटतात. त्यांनी गोवरानंतरचा न्यूमोनिया, जुलाब, डोळ्यांत पडलेले फूल पाहिलेले नसते, किंवा पाहूनही त्याचा गोवराशी संबंध जोडलेला नसतो.

आज ते स्टरलायझर राहिलेले नाहीत. हल्लीची सिरिंज एकदा वापरली की तिचा दट्ट्या आपोआप अडकतो. कोणी म्हटले तरी ती दुसऱ्यांदा भरता येत नाही. लसीच्या बाटलीवर एक गोल आणि त्याच्या आत एक चौकोन छापलेला असतो. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तोवर लस चांगली. उष्णता लागून तो गोलाइतका गडद झाला की बाटली बाद. आपण पालक म्हणून हे पाहायला मागू शकता, नर्सबाई आनंदाने दाखवतील. गोवर-रुबेला आणि बीसीजी या लसींची भुकटी द्रावणात कालवली, की चार तासांच्या आत वापरावी लागते, नंतर उरलेली फेकावी लागते. बाटलीवर वेळ लिहिण्यासाठी बाई घड्याळाकडे पाहतात, ते घरी जायची घाई म्हणून नव्हे. सत्र संपले की सुया कापायच्या, न वापरलेल्या बाटल्या त्याच दिवशी केंद्रात परत करायच्या, मग रजिस्टर, मग त्याच नोंदी पुन्हा मोबाइलवर किंवा संगणकात. लिहिण्याचे काम टोचण्यापेक्षा जास्त झाले आहे, अशी तक्रार मी अनेक बाईंकडून ऐकतो, आणि ती मला खरी वाटते.

नर्सबाईंच्या जोडीला आता आशाताई आहेत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यात साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक स्त्री नेमण्याची योजना आली. आशांना नोकरदारासारखा पगार नाही. कामागणिक मोबदला आणि मानधन मिळते, आणि ते वेळेवर मिळावे म्हणून त्यांना आपल्या राज्यात संपही करावे लागले. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल, तर बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताईंनी घरी येऊन बाळ पाहायचे असते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्या वजन करतात, ताप पाहतात, घड्याळ लावून श्वास मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल, तर ते धोक्याचे लक्षण आहे. बाळ अंगावर ओढत नसेल, गार पडले असेल, तरीही तसेच. अशा वेळी आशाताई दवाखान्यात चला म्हणाल्या, तर सासूबाईंनी "सव्वा महिना व्हायचा आहे" म्हणून अडवू नये.

या घरभेटींचे मूळ महाराष्ट्रातच आहे, हे अनेकांना माहीत नसते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेमार्फत ३९ गावांत, थोडे शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरच्या आशांच्या कामात ही पद्धत आली.

पोलिओचेही तेच. १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा बसस्टँडवर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात थेंबांचा डबा घेऊन फिरणाऱ्या याच बायका होत्या. सोबत अंगणवाडीताई आणि शिक्षक. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. कोरोनाच्या साथीत सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या त्याही याच. त्या वर्षी टाळ्या-थाळ्या वाजल्या. पण काही ठिकाणी त्याच आशाताईंना पाण्याच्या नळावर शेजारणींनी दूर उभे केले, तेही आपण पाहिले आहे. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला. त्या दिवशीही आमच्या ओळखीच्या आशाताई गरोदर बाईला सोनोग्राफीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभ्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, कौतुक पुरे, आम्ही करायचे काय? हार-नारळ नको. सत्काराच्या दिवशी बाईंचे अर्धा दिवस काम बुडते आणि पुढाऱ्यांची भाषणे ऐकावी लागतात ते वेगळेच.

साध्या गोष्टी सांगतो. लसीकरणाच्या दिवशी एक टेबल, दोन खुर्च्या, हात धुवायला पाणी आणि साबण एवढे अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात असावे. पलीकडे एखाद्या घराने बाईंना आपले संडास वापरू द्यावे. हे छापायला संकोच वाटतो, पण लिहायलाच हवे. फिरतीवरच्या कितीतरी नर्सबाई दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. मग लघवीची जळजळ, मूतखडा घेऊन त्या आमच्यासारख्यांकडे येतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी त्यांना बोलावले, तर न्यायला आणि परत सोडायला घरातले जबाबदार माणूस जावे. गावाच्या आरोग्य व पोषण समितीला दरवर्षी थोडा निधी मिळतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारावे, आणि त्यातून वजनकाटा, पडदा, पाण्याची टाकी होते का ते पाहावे.

सर्वांत मोठी मदत बोलण्याची आहे. लस टोचल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप येणे, मांडी दुखणे, मूल किरकिरे होणे हे नेहमीचे आहे. नर्सबाईंनी सांगितलेल्या प्रमाणात तापाचे औषध द्यावे, मांडीवर हळद, तेल, बिब्बा काही लावू नये. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो, तो फुटतो आणि वण राहतो; त्याला मलम लागत नाही. हे ज्या घराने एकदा अनुभवले आहे, त्या घरच्या बाईने शेजारच्या नव्या सुनेला सांगितले, तर आमच्या दहा भित्तिपत्रकांचे काम होते. मात्र मूल खूप सुस्त झाले, झटका आला, अंगावर गांधी उठून धाप लागली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच थांबायला सांगतात ते त्यासाठीच.

आणि सगळ्याच नर्सबाई देवता असतात असेही मी म्हणत नाही. महिनोन् महिने न फिरकणाऱ्या, आईवर खेकसणाऱ्या, कागदावरच लस टोचणाऱ्याही मी पाहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल जरूर तक्रार करावी. तारीख, गाव, काय घडले ते लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्यावे, पोच घ्यावी. फक्त तक्रारीआधी एकदा विचारावे, "बाई, आज उशीर का झाला?" मी ते विचारले नव्हते.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे. नातवाची नऊ महिन्यांची लस चुकली म्हणून काही बिघडलेले नाही, मात्र आता आणखी लांबवू नका. दहाव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस देता येतो. सोबत 'अ' जीवनसत्त्वाचा डोसही मिळेल. आधीचे काही डोस राहिले असतील, तर ते राहिले तिथून पुढे सुरू होतात, पहिल्यापासून नव्हे. साधे सर्दी-पडसे असले तरी लस देता येते, घरी परत फिरू नका. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान असतो, ती तारीख बाई कार्डावर लिहून देतील. कार्ड सापडत नसेल तरी जा, त्यांच्या रजिस्टरात नोंद असते. जाताना नातवाला पोटभर पाजून न्या, अंगात सैल कपडे घाला. आणि आपल्या घराजवळच अंगणवाडी आहे असे पत्रावरून दिसते, तेव्हा एक तांब्या पाणीही घेऊन जा.